सूत, कापड आणि कायदा
(ज्ञातिमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, परदेशी कापडाविषयीच्या ठरावावर केलेले भाषण)



कुलस्वामिनी श्री चौंडेश्वरी मातेस वंदन करून मी बोलावयास उभा राहिलो आहे. काल सायंकाळी जो ठराव येथे वाचून दाखविण्यात आला, त्याची प्रत आपणां सर्वांच्या हाती आहेच. परदेशी कापडाच्या आयातीवर सरकारने संपूर्ण बंदी घालावी आणि देशी कापड कारखानदारांस संरक्षण द्यावे, असा त्याचा आशय आहे. ठराव वाचून होताच टाळ्या पडल्या. त्यांत माझीही टाळी होती. परंतु रात्री घरी जाऊन तीच प्रत मी पुन्हा वाचली, तेव्हा ठरावात एका मनुष्याचा उल्लेखच राहून गेला आहे असे माझ्या ध्यानात आले. तो मनुष्य म्हणजे माग चालविणारा. म्हणून ठरावास विरोध करावयास नव्हे, तर त्यात थोडी दुरुस्ती सुचवावयास मी आपला वेळ घेत आहे.

विषयाचा आरंभ मी लंडनपासून करणार आहे, याबद्दल आपण मला क्षमा करावी. आपल्या ठरावासारखाच ठराव तेथील विणकरांनी सव्वातीनशे वर्षांपूर्वी केला होता, आणि तोही आपल्याच पूर्वजांच्या कापडाविरुद्ध केला होता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानचे छापील व रंगीत सुती कापड विलायतेत इतके नेले, की श्रीमंतांपासून मोलकरणींपर्यंत सगळ्या बायका तेच नेसू लागल्या. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचे माग थंड पडले. १६९७ साली लंडनच्या विणकरांनी कंपनीच्या कचेरीवर चाल केली. १७१९ साली तर छापील सुती झगा घातलेली बाई रस्त्यात दिसली की तिच्या अंगावरचे वस्त्र फाडण्यापर्यंत त्यांची मजल गेली. हे कृत्य निंद्य खरे. पण ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याचा तोल सुटतो, हे आपल्या पेठेत राहणाऱ्यास निराळे सांगावयास नको. पार्लमेंटने १७०० साली हिंदी छापील कापडाच्या आयातीस देशातील वापरापुरती बंदी केली, आणि १७२१ साली ते अंगावर वापरणेही गुन्हा ठरविला. खुल्या व्यापाराची गीता जगास पढविणाऱ्या देशाने आपल्या बाल्यावस्थेत काय केले, हे आपल्याला शाळेत थोडेबहुत शिकविले जाते. पुढे काय झाले, हे मात्र फारसे शिकविले जात नाही.

कायदा मागितला होता लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी. त्याचे फळ पडले लँकाशायरच्या सुती धंद्याच्या पदरात. हिंदी छापील कापड हटल्यामुळे जी जागा मोकळी झाली, ती भरून काढण्यासाठी तेथे सुती कापड विणण्याचा आणि छापण्याचा उद्योग वाढला; मग सूत काढण्याची यंत्रे आली, आणि त्यांच्या मागून यंत्रमाग आला. १८२० च्या पुढे इंग्लंडात सुती कापडाचे हातमागवाले सुमारे २ लाख ४० हजार होते. १८५० पर्यंत ते ४० हजारांच्या आसपास उरले, आणि त्यानंतर दहाबारा वर्षांत त्यांचे नाव सांगण्यापुरते माग राहिले. ज्या देशाने परक्या विणकरास कायद्याने हटविले, त्याच देशात त्याचा स्वतःचा विणकर यंत्राने हटला. आणि त्यास वाचविण्यासाठी मात्र पार्लमेंटने कायदा केला नाही. संरक्षण एकाने मागावे आणि ते दुसऱ्याच्या घरी पोचावे, असे तेथे घडले. ही गोष्ट आपण मनात ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे; कारण आपल्याकडेही तसेच घडले आहे, आणि ते घडविणाऱ्यांत माझे घरही होते. त्याकडे मी पुढे येतो.

१८१३ साली कंपनीची व्यापारी मक्तेदारी गेली आणि विलायती माल आपल्या बाजारात मोकळेपणी येऊ लागला. आधी आले ते कापड, आणि त्याच्या पाठोपाठ आले ते सूत. सर्वांत प्रथम धंदा बुडाला तो विणकराचा नव्हे, तर सूत कातणाऱ्या बायकांचा. घरोघरीचे चरखे बंद पडले. विधवा आणि निराधार स्त्रियांचा तो एकमेव आधार होता. त्यांनी मोर्चा काढल्याचे कोठे वाचनात नाही, आणि त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी एखादा ठराव केल्याचेही ऐकिवात नाही. उलट यंत्राचे सूत स्वस्त आणि सारख्या पीळाचे मिळू लागल्यामुळे आपला हातमाग आणखी शंभर वर्षे तग धरून राहिला. मी हे दूषण देण्यासाठी सांगत नाही. खुल्या व्यापाराने एका हाताने चरखा नेला आणि दुसऱ्या हाताने मागाला सूत दिले, एवढा हिशेब ध्यानात असावा.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापसाची गिरणी काढण्याचा उपक्रम केला, आणि १८७७ च्या आरंभी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच वर्षी दिल्ली दरबारास सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, हे हाताने कातलेल्या आणि विणलेल्या खादीच्या पोशाखात गेले होते. देशी गिरण्या उभ्या राहताच मँचेस्टरवाल्यांच्या पोटात दुखू लागले. १८७९ साली जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात उठली, आणि १८८२ साली उरलेल्या कापडावरचीही गेली. पुढे सरकारच्या तिजोरीस ओढ लागली, तेव्हा १८९४ साली जकात पुन्हा बसली. पण ती बसताना तिच्यात आपल्या गिरण्यांना आधार मिळू नये, यासाठी देशी गिरणीच्या मालावरही अबकारी बसविण्यात आली. १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि आपल्याच देशातील गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के, असा समतोल साधला गेला. परक्याच्या मालावर जेवढा कर, तेवढाच घरच्या मालावर! न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात सांगितले होते, की विलायती अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखे लागू पडणारे नव्हेत. त्याचे प्रत्यंतर चार वर्षांतच आले.

येथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. या साडेतीन टक्क्यांतून हातमागाचे कापड वगळलेले होते. म्हणजे गिरणीवर झालेला अन्याय हा आपल्या आजोबा-पणजोबांना लहानसा आडोसा होता. गिरणीमालक आणि राष्ट्रीय पुढारी ती अबकारी रद्द करा म्हणून तीस वर्षे झगडले, आणि ते योग्यच केले. परंतु ती रद्द झाली तेव्हा हातमागाचा तो आडोसाही गेला. माझ्या शाळेच्या पुस्तकात तरी हे नव्हते.

ती रद्द झाली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचे कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात संप सुरू झाला आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मालक म्हणत, सरकारने अबकारी काढावी म्हणजे आम्ही कपात काढू. सरकार तिजोरीकडे बोट दाखवी. कामगार मधल्या मधे उपाशी. अडीच-तीन महिने गेल्यावर डिसेंबरात सरकारने अबकारी तहकूब केली, कपात मागे घेण्यात आली आणि भोंगे पुन्हा वाजले. १९२६ साली अबकारी कायमची गेली. तीस वर्षांच्या अर्जांनी आणि भाषणांनी जे झाले नाही, ते कामगारांच्या उपवासाने झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण थोडीच होईल. कराची सूट आणि कामगाराची मजुरी ही दोन्ही एकाच तडजोडीत बांधली गेली, असा प्रसंग आपल्या इतिहासात विरळा आहे. म्हणूनच मी त्याचा विस्तार केला.

आता स्वातंत्र्यानंतरची हकीकत सांगतो.

१९५० साली सरकारने रंगीत काठाच्या साड्यांसारखे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले. १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर जादा अबकारी बसवून तो पैसा खादी आणि हातमागाच्या उत्कर्षासाठी लावण्याचे ठरले. १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या गोठविण्यात आली, म्हणजे गिरणीस नवे माग घालण्यास मनाई. हेतू शुद्ध होता आणि तो आपल्यासाठीच होता, यात मला संशय नाही. पण गिरणीस मनाई आणि हातमागास राखीव जागा, या दोहोंच्या मधे एक सांद राहून गेली, आणि तीत यंत्रमाग शिरला. चारपेक्षा अधिक माग नसलेल्या यंत्रमागवाल्यास अबकारीतून सूट होती. मग काय, एकाच पत्र्याखाली चार माग वडिलांच्या नावाचे, चार काकांचे, चार धाकट्या भावाचे, आणि मधे एक विटांची आडभिंत. इन्स्पेक्टर येई, भिंत पाही, चहा घेई आणि जाई.

सभ्य गृहस्थहो, हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. आमच्या घरी खड्डामाग होता. मला समजू लागले तेव्हा वडिलांनी तो मोडून गिरणीने मोडीत काढलेले चार यंत्रमाग आणले, आणि पुढे आणखी चार आणले. दुसरे चार माझ्या आईच्या नावावर होते. आईने तो परवाना कधी पाहिला नाही. तिने पाहिल्या त्या कांड्या, त्या आठही मागांना ती भरून देत असे. आमचे माग रंगीत काठाच्या साड्या काढीत. ज्या साड्या कायद्याने हातमागासाठी राखून ठेवल्या होत्या, त्याच. शेजारी आमच्याच भावकीतले एक गृहस्थ इरकली लुगडी विणीत. त्यांच्या हाताला जो काठ येई तसा मी पुन्हा पाहिला नाही. त्यांचा माल बाजारात निम्म्या वेळाही विकेना, तेव्हा ते आमच्याकडे माग चालवावयास आले. वडील त्यांना शेवटपर्यंत ‘अण्णा’ म्हणत आणि मजुरी मात्र इतरांसारखीच मोजून देत. तेही कधी काही बोलले नाहीत. त्यांच्या जागेवर विलायती कापड आले नव्हते, जपानी आले नव्हते. आम्ही आलो होतो. वडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण माझे शिक्षण त्या आठ मागांवरच झाले.

म्हणून परदेशी माल बंद झाला की आपल्या लोकांचे काम आपोआप सुरक्षित होईल, हे मला मान्य होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कित्येक हजार पुन्हा कधी आत गेले नाहीत. त्या वेळी परदेशी कापडास या देशाची दारे जवळजवळ बंदच होती. गिरणीचे काम गेले ते भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या पत्र्याच्या शेडांत गेले; तेथे ना भविष्यनिर्वाह निधी, ना आठ तासांची पाळी. १९८५ च्या हातमाग राखीव कायद्यात २२ प्रकार राखून ठेवले होते. यंत्रमागवाल्यांनी तो न्यायालयात अडकविला, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, आणि १९९६ साली सरकारनेच त्या २२ चे ११ केले. सरकारी गणनेप्रमाणे १९९५-९६ साली देशात हातमागावर सुमारे साडेपासष्ट लाख माणसे होती. २००९-१० साली ४३ लाख ३१ हजार राहिली. २०१९-२० साली ३५ लाख २२ हजार. आपल्या पेठेपुरते बोलावयाचे तर हातमागाची जागा आधी घरच्याच यंत्रमागाने घेतली. परदेशी माल मागून आला.

तो आला, आणि त्याने यंत्रमागासही धक्का दिला, हे मी नाकारीत नाही. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेली संख्येची बंधने उठली. २००५ च्या आरंभी कापड-व्यापारातील जागतिक कोटा संपला. त्याचा लाभ आपल्या निर्यातदारांसही झाला आणि चीनला त्याहून पुष्कळ अधिक. २०११ साली बांगलादेशच्या तयार कपड्यांना जकात माफ झाली. २०१८ साली सरकारने कापडाच्या तीनशेहून अधिक प्रकारांवरील जकात १० टक्क्यांची २० टक्के केली; पण ज्यांना कराराने जकात माफ आहे, त्यांना त्या वाढीची झळ लागणार कशी? तरुण मंडळींचा संताप येथून उगवला आहे, आणि तो योग्य आहे.

तथापि बंदीच मागावयाची तर ती कोठवर मागणार? आपण कापडावर बंदी मागू. विदर्भातला शेतकरी परदेशी कापसावर मागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर एकंदर ११ टक्के आयातकर बसला, तो २०२२ साली काही महिने आणि पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षअखेरपर्यंत माफ झाला, तेव्हा त्यास काय वाटले असेल? सूतगिरणीवाला परदेशी सुतावर बंदी मागेल. तिघांचेही म्हणणे मान्य झाले तर सर्वांत महाग सूत घेऊन बसण्याची पाळी विणकरावर येते, कारण तिघांत त्याचाच आवाज लहान. पॉलिएस्टर सुताच्या गुणवत्तेचे नियम २०२३ साली लागू झाले. वरून ते दर्जासाठी होते, पण परदेशी सुतास आत येणे त्यामुळे कठीण झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते मागे घेण्यात आले. सुताचे भाव चढतात तेव्हा पहिली कपात पिकामागच्या मजुरीत होते, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे, आणि आपल्यापैकी काहींनी ती केलेलीही आहे.

शिवाय आपलाही माल बाहेर जातो. सोलापुरी टॉवेलास परदेशी गिऱ्हाईक आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने हिंदी मालावरील जादा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा निर्यातवाल्यांनी अन्याय, अन्याय म्हणून सरकारकडे धाव घेतली. तो अन्यायच होता. पण त्या कराच्या मागे तेथील कामगाराचेही म्हणणे आपल्या ठरावातल्यासारखेच असणार, की परक्याच्या मालाने आमचे काम गेले. दुसऱ्याचे दार उघडे आणि आपले बंद, हे इंग्रजास साधले, कारण त्याच्यापाशी तोफा होत्या.

मग करावे काय? आपली पुराणकथा आठवा. देवांना वस्त्र विणून देण्यासाठी आपले मूळपुरुष देवांगमुनी विष्णूच्या नाभिकमळातून तंतू घेऊन निघाले. वाटेत असुरांनी गाठले, तेव्हा मुनींनी धावा केला आणि माता चौंडेश्वरी प्रकट झाली. मातेने रक्षण केले ते कापडाचे नव्हे. कापड अद्याप विणलेच नव्हते. तिने रक्षण केले ते सुताचे, आणि सूत घेऊन येणाऱ्या मनुष्याचे. कथा कथाच आहे. मी तीतून अर्थशास्त्र काढीत नाही. परंतु हातमागासाठी काही सूत लडीच्या रूपातच विकावे, असा सूतगिरण्यांवर निर्बंध आहे. त्याचे प्रमाण ५० टक्के होते, ते २००३ साली ४० झाले आणि २०१९ साली ३० झाले. या सभेने त्याबद्दल एखादे निवेदन धाडल्याचे मला स्मरत नाही. त्या लडीचे सूत पुष्कळदा हातमागाऐवजी यंत्रमागाकडेच वळे, म्हणूनही कदाचित आपण गप्प असू.

आपल्या ज्ञातीत आज मागवाले आहेत आणि माग चालविणारेही आहेत. मेळाव्याची वर्गणी पहिले अधिक देतात, म्हणून ठरावाची भाषा त्यांच्या बाजूने झुकते. ते स्वाभाविक आहे. पण मंडपाच्या मागील बाजूस जी मंडळी उभी आहेत, त्यांतले निम्मेअधिक पाळी बदलून आले आहेत, आणि काही भगिनी कांड्यांचे यंत्र बंद ठेवून, दिवसाची मजुरी बुडवून आल्या आहेत. सरकारने उद्या खरोखरच जकात वाढविली आणि कापडाचा भाव वाढला, तर त्यातले यांच्या हातात काय पडेल, हे ठरावात कोठेही लिहिलेले नाही. १९५० साली ते लिहिलेले नव्हते, म्हणून आमच्या अण्णांच्या साड्या आमच्या मागावर आल्या.

तेव्हा सभापतिमहाराज, मी पुढील उपसूचना मांडतो. ठरावातील ‘संपूर्ण बंदी’ हे शब्द काढून त्या जागी ‘जे देश आपल्या मालावर कर बसवितात अथवा स्वतःच्या मालास सरकारी साह्य देतात, त्यांच्या कापडावर पुरेशी जकात’ असे शब्द घालावेत. ‘कापड’ या शब्दाच्या आधी ‘सुताचे भाव स्थिर राखून’ असे शब्द जोडावेत. आणि ‘देशी कापड कारखानदारांस संरक्षण द्यावे’ या वाक्यापुढे असे लिहावे, की ‘अशा संरक्षणाचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने, मग त्यात माग चार असोत की चाळीस, माग चालविणाऱ्याचे व कांड्या भरणाऱ्या स्त्रियांचे नाव हजेरीपटावर लावावे, आणि जकात वाढेल त्या वर्षी मजुरीत कपात करू नये.’ माझ्या मुलाच्या कारखान्यात आज सोळा माग आहेत, आणि हजेरीपटावर नावे सहाच आहेत. ही सूचना मंजूर झाल्यास पहिला पट आमच्याकडे तपासावा, असे मी त्यास सांगून आलो आहे. तो फारसा प्रसन्न दिसला नाही.

उपसूचनेस अनुमोदन देण्यासाठी कोणी उभे राहणार असेल, तर मी खाली बसतो.